किसुमूला (केनिया) १४ दिवसांची मिशन ट्रिप, इंदूरहून ९ जण: तयारीत काय काय धरावं?

पलासियाकर
जय ख्रिस्त. इंदूरच्या आमच्या मंडळीतून ९ जण किसुमूजवळच्या एका मंडळीकडे १४ दिवसांसाठी जाणार आहोत. तिथल्या पाळकांचं बोलावणं आलं आहे. गटात २ नर्स, १ सुतार, १ प्लंबर, २ शिक्षिका आणि तरुण संघातले ३ जण आहेत, त्यांतला एक १७ वर्षांचा. त्यांच्या शाळेला पावसाचं पाणी साठवण्यासाठी ५,००० लिटरची टाकी आणि पन्हळ हवी आहे, असं पत्रात लिहिलंय. आम्ही त्यात तीन गोष्टी वाढवल्या: आरोग्य शिबिर, मुलांची बायबल शाळा आणि जवळच्या अनाथाश्रमाला भेट. तारखा दिवाळीच्या सुट्टीतल्या धरल्यात. कागदपत्रं, लसी, पैसे आणि प्रत्यक्ष काम, सगळ्याबद्दल नेमकं सांगावं. तिकिटं अजून काढलेली नाहीत.

वारंवार_प्रवासी
तिकिटं काढली नाहीत हे चांगलं झालं, कारण तारखा बदलाव्या लागतील. केनियाचं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि एप्रिल, ऑगस्ट आणि नोव्हेंबर-डिसेंबर या काळात सुट्ट्या असतात. आपली दिवाळी येते तेव्हा तिथे वर्षअखेरीच्या राष्ट्रीय परीक्षा चालू असतात किंवा शाळा बंद व्हायच्या बेतात असतात. शिक्षक पर्यवेक्षणात अडकलेले, वर्ग रिकामे. शिवाय ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिथला छोटा पावसाळा आणि मार्च ते मे मोठा. जानेवारीचा दुसरा पंधरवडा किंवा जून-जुलै धरा. शाळा चालू असते आणि रस्तेही बरे असतात. तुमच्या शिक्षिकांना रजा काढावी लागेल, पण शिक्षकांबरोबर काम करायचं असेल तर शिक्षक हजर असताना जायला हवं.

कागदपत्रं. जानेवारी २०२४ पासून केनियानं व्हिसाऐवजी ऑनलाइन ईटीए (इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगी) सुरू केला. मूळ शुल्क माणशी ३० डॉलर. पासपोर्टची मुदत प्रवेशाच्या तारखेपासून किमान ६ महिने हवी. फोटो, परतीचं तिकीट आणि राहण्याच्या जागेचा पुरावा जोडावा लागतो. सरकारी संकेतस्थळावरूनच भरा. त्याच्यासारखी दिसणारी दलालांची संकेतस्थळं शोधयादीत वर येतात आणि जास्त पैसे घेतात. नावाचं स्पेलिंग पासपोर्ट, तिकीट आणि ईटीए तिन्हींवर अक्षरशः एक हवं. आपल्याकडे वडिलांचं नाव कधी मधे येतं, कधी गळतं, आणि नेमकं तिथेच अडकतं. कोणाचा पासपोर्ट नव्यानं काढायचा असेल तर आधी त्याच्या मागे लागा, बाकी सगळं नंतर.

एक गोष्ट बहुतेक गट वगळतात. पर्यटक म्हणून मिळालेल्या प्रवेशावर काम करता येतं असं धरून चालू नका, मग ते काम बिनपगारी का असेना. धर्मकार्य आणि सेवाकार्य करणाऱ्यांसाठी केनियात ‘क्लास आय’ परवाना असतो आणि थोड्या दिवसांच्या कामासाठी ‘स्पेशल पास’. अर्ज यजमान संस्थेच्या मार्फत होतो. तुमचं काम कशात बसतं, हे यजमान मंडळीनं तिथल्या इमिग्रेशन विभागाला विचारून लेखी कळवावं, अशी विनंती आजच पाठवा. विमानतळावर ९ जणांनी ९ वेगवेगळी कारणं सांगणं फार वाईट. निमंत्रणपत्राची छापील प्रत प्रत्येकाच्या हातातल्या बॅगेत असू द्या आणि जे कागदावर आहे तेच सांगा.

१७ वर्षांच्या मुलासाठी आईवडील दोघांचं नोटरी केलेलं संमतिपत्र, त्यांच्या पासपोर्टच्या किंवा ओळखपत्राच्या प्रती आणि गटातल्या एका प्रौढाला उपचाराचा निर्णय घेण्याचा अधिकार देणारं पत्र लागेल.

इंदूरहून मुंबईला रात्रीच्या गाडीनं जाणार असाल तर विमानाच्या आदल्या दिवशीच पोचा. गाडी ४ तास उशिरा आली तरी ९ तिकिटं वाया जाऊ नयेत.

शीला_परिचारिका
लसींबद्दल लिहिते. सगळ्यात आधी पिवळ्या तापाची (यलो फीव्हर) लस. भारतातून थेट जाताना केनिया सहसा हे प्रमाणपत्र मागत नाही, म्हणून लोक गाफील राहतात. अडचण परत येताना होते. केनिया पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत असल्यामुळे तिथून येणाऱ्याकडे वैध प्रमाणपत्र नसेल तर भारतात ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जातं. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनी वैध होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं.

ही लस कुठल्याही खासगी दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारनं मान्यता दिलेल्या केंद्रातच मिळते, त्यांची यादी आरोग्य मंत्रालयाकडे आहे. कुपीत अनेक डोस असतात आणि एकदा उघडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून बहुतेक केंद्रं आठवड्यातल्या ठरावीक दिवशीच टोचतात. ९ जणांची नावं एकदम नोंदवा, मूळ पासपोर्ट बरोबर न्या. पिवळ्या पुस्तिकेवर पासपोर्ट क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही तिथेच तपासून घ्या. लस जिवंत विषाणूची आहे. गरोदरपण, अंड्याची तीव्र ॲलर्जी, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं किंवा ६० च्या पुढचं वय असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. हेपटायटिस ए, टायफॉइड आणि धनुर्वात याच भेटीत विचारून घ्या. निघण्यापूर्वी ६ आठवडे सुरुवात केलीत तर घाई होणार नाही.

आता मलेरिया. नैरोबी १,८०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे, तिथे धोका कमी. किसुमू १,१०० मीटरवर, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, आणि तो पट्टा देशातल्या सर्वाधिक मलेरियाच्या भागांपैकी. तिथला मलेरिया मुख्यतः फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे जीव घेऊ शकणारा. प्रतिबंधक गोळ्या सर्वांना लागतील, कोणती ते डॉक्टर ठरवतील. डॉक्सीसायक्लिन १०० मिग्रॅ रोज एक: जाण्याआधी १-२ दिवस सुरू करून परतल्यावर ४ आठवडे. ती पेलाभर पाण्याबरोबर जेवणानंतर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. तिच्यामुळे उन्हात त्वचा भाजते, आणि किसुमू जवळजवळ विषुववृत्तावर आहे, म्हणून छपरावर काम करणाऱ्यांनी लांब बाह्या आणि टोपी सोडू नये. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर ७ दिवसच घ्यावी लागते आणि ती दुधाबरोबर किंवा तेलातुपाच्या जेवणाबरोबर घ्यावी. ती सगळ्या दुकानांत नसते, दवा बाजारात आधी चौकशी करून ठेवा. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा असते, पण नैराश्य किंवा फिट्सचा इतिहास असलेल्याला देत नाहीत.

चूक होते ती परतल्यावर. घरी पोचल्यावर बरं वाटतं, आणि गोळ्या बंद होतात. त्यानंतर ३ महिन्यांत कधीही ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की आफ्रिकेतून आलोय. नाहीतर इंदूरमध्ये डेंग्यू किंवा व्हायरल समजून दोन दिवस जातात, आणि फाल्सिपेरममध्ये दोन दिवस फार मोठे असतात.

सरोवरात पाय सुद्धा बुडवू नका. बिल्हार्झियाचे कृमी गोड्या पाण्यातून अखंड त्वचेतून शरीरात शिरतात. फोटोसाठी गुडघाभर पाण्यात उभं राहणं यातच येतं.

आरोग्य शिबिराबद्दल स्पष्ट बोलते: ते रद्द करा, किंवा त्याचं रूप बदला. परदेशी परिचारिकेलाही तिथे रुग्ण तपासायला केनियाच्या नियामक मंडळाची तात्पुरती नोंदणी लागते. औषधं नेण्यासाठी फार्मसी अँड पॉयझन्स बोर्डची परवानगी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या औषधदानाच्या नियमांत नमुन्याच्या गोळ्या आणि कोणाकडून परत आलेली औषधं बसत नाहीत, आणि पोचताना किमान १ वर्षाची मुदत शिल्लक असावी लागते. आपल्या मंडळीतून गोळा होणाऱ्या पिशवीतलं जवळजवळ काहीच यात बसणार नाही. शिवाय एका दिवसाच्या शिबिरात रक्तदाब सापडला तर गोळी दुसऱ्या महिन्यात कोण देणार? त्याऐवजी तुमच्या दोन्ही नर्सनी तिथल्या आरोग्य केंद्रातल्या नर्सना विचारावं, प्रशिक्षणात काय हवंय. नवजात बाळाची काळजी, हात धुणं, नोंदवह्या, जे त्या सांगतील ते.

नळवाला_देवास
टाकीबद्दल. हेच काम त्यांनी मागितलंय, म्हणून ते नीट होऊ द्या.

पहिली गोष्ट वेळापत्रकाची. ५,००० लिटर पाणी म्हणजे ५ टन वजन, ते सपाट, अखंड काँक्रीटच्या ओट्यावरच बसलं पाहिजे. प्लास्टिकच्या टाकीखाली लाकडी वासे किंवा विटांचे खांब ठेवले की तळ मधल्या जागी खाली झुकतो आणि तोटीच्या जोडापाशी चिरतो. ओट्याला किमान ७ दिवस पाणी मारावं लागतं. १४ दिवसांतले ७ त्यातच गेले तर तुमचे लोक नुसते बघत बसतील, आणि मग चौथ्या दिवशीच टाकी चढवायचा मोह होतो. ओटा तुम्ही पोचण्याआधी ३ आठवडे तिथल्या गवंड्याकडून करून घ्या. मजुरी त्यालाच मिळू दे. टाकीच्या व्यासापेक्षा सगळीकडून १५ सेंमी मोठा, १५ सेंमी जाड, लोखंडी जाळीसह. उंची इतकी की तोटीखाली २० लिटरचा कॅन उभा राहील, म्हणजे साधारण ५० सेंमी.

टाकी, पन्हळ, पाइप सगळं किसुमूतच घ्या. इथून फिटिंग नेऊ नका, आटे आणि मापं जुळली नाहीत तर बदलायला दुकान ३ दिवसांच्या प्रवासावर असेल. पुढे दुरुस्तीही तिथल्याच माणसाला करायची आहे.

हिशेब असा. १ चौरस मीटर छपरावर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर, त्यातलं साधारण ८० टक्के हाती लागतं. समजा वर्गखोल्यांची इमारत २४ मीटर लांब आणि छपराचा एक उतार ३.५ मीटर, तर क्षेत्र ८४ चौरस मीटर. २० मिमीच्या सरीत सुमारे १,३४० लिटर मिळतील आणि टाकी भरायला ७५ मिमीच्या आसपास पाऊस लागेल. ३०० मुलांना रोज २ लिटर धरले तर भरलेली टाकी ८ दिवस पुरते. हे आकडे आधीच शाळेच्या समितीसमोर मांडा. टाकी आली म्हणजे वर्षभराचं पाणी आलं, असा समज झाला तर कोरड्या महिन्यात दोष टाकीला लागतो.

पन्हळीचा उतार. पुस्तकातला मीटरला १ सेंमी उतार २४ मीटरला लावला तर शेवटी पन्हळ छपरापासून २४ सेंमी खाली जाते आणि जोराच्या सरीत पाणी तिच्यावरून उडून पलीकडे पडतं. उतरता पाइप मधोमध घ्या, दोन्ही बाजूंनी १२-१२ मीटर, मीटरला अर्धा सेंमी. ६ सेंमीत काम भागतं. आधार दर ६० सेंमीला. सुताराचं काम इथेच आहे: छपराच्या कडेची पाटीची फळी (फॅशिया) कुजलेली असेल तर आधी ती बदलायची. पन्हळ कुजक्या लाकडावर ठोकली की पहिल्या मोठ्या पावसात खिळ्यांसकट खाली येते.

पहिलं घाण पाणी वेगळं काढणं सगळ्यात जास्त चुकतं. चौरस मीटरला अर्धा लिटर धरा, म्हणजे ८४ चौरस मीटरला ४२ लिटर. ४ इंची पाइपात मीटरला जेमतेम साडेआठ लिटर मावतं, त्यामुळे मीटरभर उभा तुकडा लावून काहीच साधत नाही. पक्ष्यांची घाण सरळ टाकीत जाते. ६ इंची पाइप सव्वादोन ते अडीच मीटर लावा किंवा ५० लिटरचा पिंप, तळाशी बारीक गळतं भोक आणि उघडता येणारं झाकण. प्रत्येक तोंडाला, ओव्हरफ्लोलासुद्धा, डासांची बारीक जाळी. त्या भागात उघडी टाकी म्हणजे डासांची पैदास. तोटी तळापासून ५ सेंमी वर, म्हणजे गाळ खाली राहतो. प्यायच्या पाण्यात क्लोरीन घालायचंच, बाटली तिथल्या दुकानात मिळते, मात्रा बाटलीवर असते.

निघण्याआधी शाळेतले दोघं ठरवून त्यांच्याच हातानं पिंप उघडून, जाळी काढून, परत बसवून घ्या. दोनदा.

हिशेबनीस
पैशाचा प्रश्न विचारलात म्हणून कठीण गोष्ट आधी. १९९८ च्या मिच चक्रीवादळानंतर होंडुरासमध्ये उत्तर अमेरिकी गटांनी येऊन घरं बांधली. कर्ट व्हेर बीक या अभ्यासकानं ती तपासली. प्रवासासकट गटाच्या एका घराला सुमारे ३०,००० डॉलर पडले, तेच घर स्थानिक ख्रिस्ती संस्था सुमारे २,००० डॉलरमध्ये बांधत होती. घरात राहणाऱ्यांच्या आयुष्यात दोन्हींमुळे पडलेल्या फरकात तफावत सापडली नाही. म्हणून जाऊच नये असं मी म्हणत नाही. पण अर्पण मागताना मंडळीसमोर दोन रकाने ठेवा: आमच्या प्रवासाचा खर्च आणि टाकीचा खर्च. देणाऱ्याला कळू द्या की त्याचे १,००० रुपये कुठे गेले. प्रवासखर्चाचा मोठा भाग जाणाऱ्यानं स्वतः उचलावा, हेच बरं.

मंडळीच्या ट्रस्टच्या खात्यातून परदेशी खर्च करण्याआधी सीएला भेटा. धर्मादाय ट्रस्टनं भारताबाहेर केलेला खर्च केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या मंजुरीशिवाय करसवलतीत धरला जात नाही. एफसीआरए खात्याला (परदेशी देणग्या घेण्याचं खातं) तर हातच लावू नका. २०२० च्या दुरुस्तीनंतर त्यातले पैसे दुसऱ्या कोणालाही देता येत नाहीत. व्यक्तीनं स्वतःच्या खात्यातून बँकेमार्फत देणगी पाठवणं एलआरएसखाली (व्यक्तींनी परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना) चालतं, वर्षाची मर्यादा माणशी २,५०,००० डॉलर. टाकीची रक्कम याच मार्गानं यजमान मंडळीच्या खात्यात जाऊ द्या, पाळकांच्या वैयक्तिक खात्यात नको. पावती, दोन सह्या, टाकीच्या दुकानाचं बिल.

रोख डॉलर एका प्रवासाला माणशी ३,००० पर्यंत नेता येतात. नोटा नव्या मालिकेच्या, न दुमडलेल्या घ्या. जुन्या किंवा शाई लागलेल्या नोटांना तिकडे कमी दर देतात किंवा नाकारतात. रोजचे व्यवहार एम-पेसावर (मोबाइलवरून पैसे देण्याची सेवा), ते २००७ पासून तिथल्या हाडीमासी भिनलंय. पासपोर्ट दाखवून सिम घेतलं की खातं उघडता येतं. गटात एकाच माणसाकडे ते ठेवा आणि रोज रात्री वही लिहा.

पलासियाकर
सर्वांचे मनापासून आभार. आज पंचांपुढे हे मांडलं. तारखा जानेवारीच्या उत्तरार्धात नेतोय, शिबिर रद्द. दोन प्रश्न राहिले. अनाथाश्रमाच्या भेटीत काय गैर आहे का? मुलांसाठी कपडे आणि खाऊ न्यायचा होता. आणि उपासनेत आमच्याकडून काय अपेक्षा असेल?

वारंवार_प्रवासी
अनाथाश्रम वगळा, ताई-दादांना वाईट वाटलं तरी. केनियानं २०१७ मध्ये नवीन बालगृहांची नोंदणी थांबवली आणि मुलांना संस्थेतून काढून कुटुंबात परत नेण्याचं धोरण घेतलं. अशा घरांतल्या पुष्कळ मुलांचे आई किंवा वडील जिवंत असतात, गरिबीमुळे ती तिथे असतात. पाहुणे आणि देणग्या येत राहिल्या की मुलं तिथेच ठेवण्यात संस्थेचा फायदा होतो. शिवाय दर महिन्याला नवी माणसं कडेवर घेतात, लळा लावतात आणि चार तासांनी जातात, याचा मुलावर परिणाम होतो. ते पैसे कुटुंबात मूल सांभाळणाऱ्या आजी-मावशीला मदत करणाऱ्या मंडळीच्या निधीत द्या. शाळेतल्या मुलांचे फोटोही पालकांच्या संमतीशिवाय फेसबुकवर टाकू नका. २०१९ च्या डेटा संरक्षण कायद्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते.

बायबल शाळा ठेवा, पण तिथले संडे स्कूलचे शिक्षक पुढे आणि तुम्ही मागे.

उपासना ३ तास सहज चालते. पाहुण्यांना उभं करून बोलायला सांगतात. ‘ब्वाना असिफिवे’ म्हणजे प्रभूची स्तुती असो, एवढं म्हणा आणि दोन मिनिटांत थांबा. संदेश द्यायला सांगितला तर दुभाष्यामुळे वेळ दुप्पट लागतो. २० मिनिटं दिली असतील तर १० मिनिटांचंच तयार करा, वाक्यं तोकडी, शब्दांचे खेळ नकोत. गावात लुओ भाषा चालते, म्हणून दुभाषी स्वाहिलीचा की लुओचा, आदल्या दिवशी विचारा. नारायण वामन टिळकांचा एक अभंग मराठीत म्हणा, आधी अर्थ सांगून. ते त्यांच्याकडे नसलेलं काहीतरी असेल.

‘हरांबी’ म्हणजे सर्वांनी मिळून निधी गोळा करण्याची तिथली पद्धत. उपासनेत अचानक पुकारा होऊ शकतो. गटाची रक्कम आधी ठरवा, गटप्रमुखानं एकदाच द्यावी. वैयक्तिक मागण्या आल्या, आणि येतील, तर नम्रपणे तिथल्या समितीकडे पाठवा. आपल्याकडे बघून ‘मुहिंदी’, म्हणजे भारतीय, म्हणतील. १९०१ मध्ये रेल्वे किसुमूला पोचली ती भारतीय मजुरांच्या हातांनी, आणि त्यानंतर पिढ्यान्पिढ्या तिथे भारतीय म्हणजे दुकानदार किंवा मालक. मालकाच्या जागी न बसता तिथल्या गवंड्याच्या हाताखाली काम करणारा मुहिंदी त्यांना क्वचितच दिसतो, म्हणून छपरावर कोण कोणाला सूचना देतोय याकडे लक्ष ठेवा.

नळवाला_देवास
सामान भरण्याआधी दोन गोष्टी. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरी बॅगवर बंदी आहे आणि दंड कडक आहे. आपण चपला, फरसाण, ओले कपडे सगळं पॉलिथिनमध्ये बांधतो. सगळं कापडी पिशव्यांत भरा, ड्यूटी-फ्रीची पिशवीसुद्धा विमानातच सोडा. तिकडे २४० व्होल्टच आहे पण पिना चौकोनी तीन, त्यामुळे ड्रिलला तसा प्लग लागेल. ड्रिलची सुटी लिथियम बॅटरी चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, ती हातातच न्यायची, टोकांवर चिकटपट्टी लावून.